परतावा माझा, मोबाइल त्याचा

गुडघे गेल्यापासून मी खालच्या मागच्या खोलीत झोपते. संडास वरच्या मजल्यावर आहे. पडेगावला हे घर बांधलं तेव्हा या घरात कुणी म्हातारं होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिना चढायला नको म्हणून मी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. डॉक्टर म्हणाला, आजी, पाणी कमी पडतंय. मी म्हटलं, पाणी भरपूर आहे, संडास लांब आहे.

मागच्या बोळात खाली एक संडास बांधायचा, कमोडचा, भिंतीला धरायला दांडी असलेला. मला एवढंच हवं होतं. गवंडी बघून खर्च सांगून गेला. त्यातला बराचसा भाग बँकेनं माझ्या ठेवीच्या व्याजातून कर म्हणून कापलेले पैसे परत आले की त्यातून निघाला असता.

ठेव माझी आहे. बिडकीनला वडिलांची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा भावांनी बहिणींकडून हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या मागितल्या. बाकीच्या बहिणींनी सह्या केल्या, साड्या घेतल्या, जेवून गेल्या. मी सही केली नाही. मोबदल्यातला माझा वाटा घेतला आणि बँकेत ठेवला. तेव्हापासून माहेर बंद आहे. बंद तर बंद. व्याजावर माझी औषधं चालतात आणि ठेव मोडायची नाही हे मी ठरवून टाकलेलं आहे.

आपलं उत्पन्न कर लागण्याइतकं नाही, असं बँकेला दरवर्षी लिहून द्यावं लागतं. त्या वर्षी मी अंथरुणावर होते. फॉर्म सही करून मुलाकडे दिला. तो त्याच्या स्कूटरच्या डिकीत पडून राहिला आणि बँकेनं कर कापला. मुलगा म्हणाला, "त्यात काय, रिटर्न भरला की सगळं परत येतं." त्यानं त्याच्या माणसाकडून रिटर्न भरला. मी गवंड्याला निरोप दिला, थोडं थांब.

मग मी विचारायला लागले. जेवायला बसला की विचारायची, "आलं का?"

"प्रोसेसिंग चालू आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बंगळुरूला सगळं असतं. तिथं कॉम्प्युटर तपासतो."

"कॉम्प्युटरला एवढा वेळ लागतो व्हय?"

"आई, तू एकटीच हायेस का? लाखांनी लोक हायेत."

पाऊस गेला, दिवाळी झाली, थंडी पडली. प्रोसेसिंग चालूच होतं. समोरच्या निवृत्त मास्तरांनी आमच्या मागून रिटर्न भरला आणि त्यांचा परतावा आलासुद्धा. मी हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, "पेन्शनवाल्यांचं वेगळं असतं." बोलताना त्यानं ताटातून मान वर केली नाही. मी त्याला लहानपणापासून बघते आहे. खोटं बोलताना तो भाकरीचे फार बारीक तुकडे करतो.

मी चौथी शिकले. पोलीस ॲक्शननंतर, निजाम गेल्यावर, आमच्या गावात मराठी शाळा निघाली, तिच्यातल्या पहिल्या मुलींत मी होते. मला वाचता येतं, हिशेब येतो. इंग्रजी येत नाही, पण ज्याला येतं त्याला पैसे देऊन वाचून घेता येतं एवढं कळतं. पॅन कार्ड आणि आधार कार्ड पिशवीत घातलं आणि रिक्षानं शहरात औरंगपुऱ्यात गेले. तिथं एक कर सल्लागार आहे. तो तळमजल्यावर बसतो म्हणून मी त्याला निवडला.

तो म्हणाला, "मावशी, पासवर्ड?"

"नाय."

"मग ओटीपी मागवावा लागंल. नंबर कुणाचा टाकलाय हा?" त्यानं शेवटचे आकडे वाचले.

"पोराचा."

"आधारलाबी त्याचाच हाय. तुमच्याकडं फोन नाय का?"

फोन आहे माझ्याकडे. बटणांचा आहे, पण आहे. तोच काढून मुलाला लावला.

"तुझ्या मोबाइलवर आत्ता एक आकडा आलाय. सांग."

"तू कुठून बोलतीस?"

"औरंगपुऱ्यातून. आकडा सांग."

"कोण हाय तिथं? आई, असे आकडे कुणाला सांगायचे नसतात. लोक फसवतात."

"लई बरोबर बोललास. सांग."

"मी संध्याकाळी येतो ना घरी, निवांत बघू..."

"सांगतोस का तुझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांपुढं विचारू?"

एवढ्या बोलण्यात त्या आकड्याची मुदत संपली. सल्लागारानं दुसरा आकडा मागवला. या वेळी मुलानं सांगितला, एकेक अंक ओढून काढल्यासारखा.

सल्लागार बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "मावशी, प्रोसेसिंग कवाच संपलंय. पावसाळ्यातच."

"मग पैसे?"

"मंजूर झाले. पण जुन्या थकबाकीत वळते केले."

"कुणाच्या थकबाकीत?"

"तुमच्या."

"मी कुणाचं काही थकवत नाय."

"इथं तसं दिसत नाय," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही.

त्यानं समजावलं ते मी दोनदा विचारून घेतलं. प्रोसेसिंग संपलं म्हणजे रिटर्न तपासून झाला. त्यानंतर पैसे बँकेत येतात. पण आधीच्या कुठल्या वर्षाचा कर राहिला असेल तर त्यात जातात. त्यात घालण्याआधी ते कळवतात आणि विचारतात, ही थकबाकी मान्य आहे का. मला तसं कळवलं होतं. उत्तरही गेलं होतं. मान्य आहे.

"कुणी दिलं उत्तर?"

"तुमच्या नावानं गेलंय. नंबर ज्याच्याकडं, त्यानं दिलं असंल."

थकबाकी कशाची, तेही निघालं. मुलानं टाइल्सचं दुकान वाढवायला कर्ज काढलं होतं. या घराचा प्लॉट माझ्या नावावर आहे, बायकोच्या नावावर घेतलेली जागा लाभते असं माझ्या नवऱ्याला कुणी तरी सांगितलं होतं. म्हणून कर्जाला माझी सही घेतली. घरापुढं त्याच प्लॉटवर भाड्यानं दिलेले दोन गाळे आहेत, त्यांचं भाडं माझं उत्पन्न म्हणून फुगवून दाखवलं, म्हणजे कर्ज मोठं मिळावं. तसा रिटर्न भरला, पण त्यावरचा कर भरलाच नाही. मी त्या गाळ्यांचं भाडं कधी हातात धरलेलं नाही.

मी विचारलं, "आता अमान्य म्हणता येतं का?"

"बघता येईल. पण रिटर्न तुमचा, गाळ्यांच्या करारावर मालक म्हणून सही तुमची. पोरानं केलं म्हणून लिहून देता का?"

"ते माझं मी बघते," म्हटलं आणि त्याचे पैसे देऊन उठले.

रिक्षात सगळ्या रस्त्यात मी गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब करत आले.

मुलगा त्या दिवशी लवकर घरी आला. मी खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"मान्य म्हणालास तू?"

"आई, तुझ्याच नावावरचं देणं होतं. तुझंच तुझ्यात गेलं. बाहेर कुठं गेलं?"

"भाडं कुणी खाल्लं?"

"घरातच खर्च झालं की."

"मग घरात खाली संडास कुठं हाय? दाखव मला."

तो म्हणाला, "तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाय."

पैसे गेले त्याचा राग होताच. पण या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत वर जायची, हा खाली बसून बघायचा, आणि मला सांगायचा की बंगळुरूचा कॉम्प्युटर बघतोय. माझ्या नावानं हा सरकारला हो म्हणतो आणि मला विचारत नाही. भावांनी निदान सही मागितली तरी होती. यानं तेवढंही केलं नाही. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो रडायला लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस. मी त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गाळ्यातल्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला.

"या आज्जी, दळण पाठवायचं की."

"दळण नाय. या महिन्यापासून भाडं माझ्या हातात द्यायचं."

तो कान खाजवायला लागला. "पण शेठला विचारावं लागंल."

"करारावर मालक कोण हाय?"

"तुम्ही."

"मग इचार मला."

तो म्हणाला, "द्यावं का आज्जी भाडं तुमाला?" आणि स्वतःच हसला. भाडं मात्र त्यानं दिलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं कुरकुर केली, पण त्यानंही दिलं.

संध्याकाळी मुलगा ओरडतच आला. "हप्ता कशातनं भरू मी? लोक काय म्हणतील, म्हातारी दारोदार भाडं मागती!"

"दारोदार नाय. माझ्याच दोन दारांत मागते. हप्ता टाइल्स विकून भर."

"किती महिने घेणारैस असं?"

"मरेपर्यंत."

गवंडी आला. बोळात खड्डा खणून झाला आहे, कमोडचं भांडं आलं आहे, दांडी माझ्या उंचीला लावून बघितली. मुलगा माझ्याशी बोलत नाही. जेवायला वर बसतो. सून ताट खाली आणून देते.

मी परत औरंगपुऱ्यात जाऊन आधारला आणि त्या रिटर्नच्या खात्याला माझा नंबर घालून घेतला. आता माझ्या फोनवर इंग्रजीत काही आलं की मी रिक्षा करून सल्लागाराकडे जाते. तो वाचून दाखवतो. बहुतेक वेळा बँकेची जाहिरात असते. तरी तो वाचायचे पैसे घेतो. मी देते.