सगळं खाते, जिना चढते

चहा आधी संपवून घ्या, कारण मध्येच हसाल आणि माझ्या नव्या चादरीवर सांडाल. मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आयसीयूमध्ये बरीच वर्षं सिस्टर होते. बंद पडलेली हृदयं चालू होताना पाहिली, चालू असलेली बंद पडताना पाहिली, पण कधी गडबडले नाही. आणि एका दुपारी मी नुसतं तोंड उघडलं तर दोन घरांचा असा काही विचका केला, की आजही घरात विषय निघाला की मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. माझं लग्न ठरत नव्हतं. कारण रात्रपाळी. स्थळ यायचं, फोटो पसंत पडायचा, पगार तर फारच पसंत पडायचा. मग जाता जाता कुणीतरी विचारायचं, "रात्रीचं पण जावं लागतं व्हय?" की झालं, पुढे निरोपच नाही. नोकरी मला सोडायची नव्हती, आणि लग्न नको होतं असंही नव्हतं. वरून कितीही हसले तरी मनाला लागायचं.

अशात हातकणंगल्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात शिकलेला, आता इथेच नोकरीला. मुलीने नोकरी करावी, रात्रपाळीलाही हरकत नाही, असं त्यानेच कळवलेलं. असं स्थळ पुन्हा कुठे मिळायचं? पण मला रजा मिळेना, म्हणून मुलाचे मामा-मामी दवाखान्यातच येऊन बघून जाणार असं ठरलं. आमचं गाव जोतिबाच्या पायथ्याला. तिथल्या किराणा दुकानातून आईने मला फोन केला.

"नीट ऐक. ते खातो-जातो आजच्यापुरतं बंद कर. पोरगा पुण्यात शिकलाय. तिथं बाईमाणसानं 'मी जातो' म्हटलं की लोक हसत्यात. खाते, जाते म्हणायचं. आणि सारखं मी-मी करू नगंस. मान खाली घालून इचारलं तेवढं सांग."

आमच्या कोल्हापूरचं तुम्हाला ठाऊक आहेच. इथे बाई असो की बाप्या, 'मी जातो, मी खातो'च म्हणणार. आता मी तुमच्याशी 'जाते, येते' बोलतेय ना, ते सगळं नंतर लागलेलं वळण. त्या दिवशी मात्र मी सकाळपासून औषधं देता देता मनात 'खाते, जाते' घोकत होते.

दुपारी भेटायच्या वेळेला आमच्या वॉर्डातल्या मावशी आत आल्या. "सिस्टर, पावणं आल्यात बघायला. बाहेर बाकड्यावर बसल्यात."

आता मला सांगा, दवाखान्यात पेशंटला बघायला येणारेही पावणंच, आणि मुलीला बघायला येणारेही पावणंच. पण जिच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट फिरतेय, तिने दुसरं काय समजायचं? मी टोपी सरळ केली आणि बाहेर गेले.

बाकावर टोपी घातलेले पन्नाशीचे गृहस्थ होते, शेजारी मांडीवर पिशवी धरून त्यांची बायको. जरा लांब, खिडकीपाशी, पांढऱ्या शर्टातला एक उंचापुरा तरुण. म्हणजे मुलगाही आला तर. आई काही बोलली नव्हती. मी त्याच्याकडे ओझरतं बघून घेतलं. नाकीडोळी बरा होता.

मी वाकून त्या गृहस्थांच्या पाया पडले.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आयसीयूतली सिस्टर बाहेर येऊन पाया पडते म्हटल्यावर माणसाने काय समजावं? "काय झालं, सिस्टर? जे हाय ते सरळ सांगा. मी घट्ट हाय."

मला वाटलं, माणूस फटकळ दिसतो. मी खाली मान घालून म्हटलं, "काही नाही. सगळं चांगलं आहे."

"चांगलं? म्हंजे काळजीचं न्हाय?"

"मुळीच नाही."

"जेवण जातंय?"

"हो. सगळं खाते."

"सगळं? तिखटबिखट?"

"तिखटच जास्त. तांबडा रस्सा असला की वाटी तोंडाला लावून पिते."

नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्याच भेटीत जरा जास्त सांगितलं की काय, म्हणून मी सावरून घेतलं. "पांढराही चालतो."

"आनि चालणं?"

"चालते की. जिनासुद्धा चढते."

त्यांनी टोपी काढली आणि जोतिबाच्या डोंगराच्या दिशेला हात जोडले. डोळ्यांत पाणी. मला जरा नवल वाटलं. इतक्या मुली बघितल्या आणि जिना चढणारी एकही मिळाली नाही की काय यांना?

आता बाईंनी तोंड उघडलं. "सिस्टर, चिडचिड? उलटं बोलणं?"

"कधीच नाही. उलट उत्तर देत नाही."

"अगं बया. कसलं म्हणायचं ह्ये औषध. आमालाबी लिहून द्या की." नवऱ्याने कोपराने ढोसलं तशा त्या गप्प झाल्या. मी आपली गालातल्या गालात हसले. सासर थट्टेखोर आहे, चांगलं आहे.

"मग घरला कवा न्यायची?" त्यांनी थेटच विचारलं.

मी लाजून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागले. "ते तुम्ही मोठ्यांनी ठरवायचं. आमच्याकडून काही अडचण नाही."

"आजच नेली तर? खाली गाडी हाय."

"आजच? निदान चार माणसांना कळवा तरी."

"व्हय, ह्ये बराबर बोलला. कळवून येतो." असं म्हणून तिघंही जिना उतरले. पांढऱ्या शर्टाने जाताना वळून बघितलं, आणि माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं.

तुमच्या लक्षात आलंच असणार. माझ्या नव्हतं आलं. ते होते तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींचे थोरले चिरंजीव आणि सूनबाई, बिद्रीकडचे. आजींजवळ रोज धाकटा मुलगा असायचा, त्याला मी ओळखत होते. त्या दिवशी तो गावी गेला आणि पाळी थोरल्याची आली. आजींच्या हृदयाची ताकद संपत आलेली, साखर वाढलेली, नाकात नळी. काही सांगता येत नाही, असं डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते. अशा बाईला मी रस्सा पाजून जिना चढवला होता. 'मी खातो' म्हटलं असतं तर त्या भल्या माणसाला तिथेच कळलं असतं. पण खाते म्हणजे मीही खाते आणि तीही खाते. शुद्ध बोलायला गेले आणि त्यातच घात झाला.

थोड्या वेळाने मी त्याच आजींचा घसा यंत्राने साफ करत होते, तोंडावर मास्क, अंगावर हिरवा गाऊन, तेवढ्यात मावशी पुन्हा दारात. "आनि पावणं आल्यात बघायला."

माझे पाहुणे तर येऊन गेले होते. म्हणजे हे आजींचे. त्यांच्या गावाहून रोज कुणी ना कुणी यायचंच. मी तशीच बाहेर गेले. एक मामा, एक मामी. मामींनी मला कोपऱ्यात ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आमी बघायला आलोय. पर आधी तुमाला इचारतो. खरं सांगा, काय लपवू नका. कशी हाय?"

"घरच्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"घरची काय, चांगलंच सांगणार की."

हेही खरंच होतं. म्हणून मी सगळं नीट समजावून सांगितलं. "वरून दिसत नाही, पण आतून फार बिघडलंय. हृदय मोठं झालंय."

"काळीज मोठं असलं तर बरंच की."

"तसं मोठं नव्हे हो. आणि रात्री भ्रम होतो. ओरडते, मारायला उठते. काल तर हात बांधून ठेवावे लागले."

मामींनी पदर तोंडावर घेतला. मामांना आधार म्हणून भिंत धरावी लागली. "मग आता, बाई?"

"आमचे प्रयत्न चालू आहेत. तुम्ही मन घट्ट करा."

मामींनी माझे दोन्ही हात धरले. "लई उपकार झालं बाई तुमचं. एक घर वाचवलासा." आणि आजींना न बघताच दोघं भराभरा निघून गेले. मला वाईट वाटलं. म्हटलं, काही नातेवाइकांना खरंच सोसवत नाही.

तासाभराने जिन्यावर गलका झाला. आजींचे थोरले चिरंजीव परत आले होते. एका हातात पेढ्यांचा पुडा. मागे पांढरा शर्ट, त्याच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी. "गाडीत मागं अंथरतो. आई आडवी होऊन येईल. गावात फोन केला, हलगीवाला वेशीत हुबा हाय." असं सांगत त्यांनी आमच्या डॉक्टरांच्या तोंडात पेढा घातला.

डॉक्टर पेढ्यासकट म्हणाले, "कुठे नेताय? ऑक्सिजन काढला तर गाडीपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत त्या."

"असं कसं? जिना चढतीया की. ह्या सिस्टरच म्हणाल्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मावशींनी बघितलं. मी पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, तो गादीखालून माझ्याकडे बघत होता. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात सगळं उतरायला लागलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "दादा, ते मी माझ्याबद्दल सांगत होते. मला बघायला पाहुणे येणार होते, मला वाटलं तुम्हीच ते."

त्यांनी हातातला पुडा मिटला. मग म्हणाले, "म्हंजे आई न्हाय रस्सा पीत?"

"नाही, दादा."

पुडा मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. आजवर मी कितीतरी माणसांना वाईट बातमी सांगितली होती, पण आधी चांगली सांगून मग ती काढून घ्यायची वेळ कधी आली नव्हती. मला रडू आलं, आणि मी सरळ रडले. नोकरीत पहिल्यांदाच.

शेवटी तेच माझी समजूत घालायला लागले. "गप, बाय. मुद्दाम केलं न्हाईस. तासभर तरी आई बरी झालती की आमची." मग पुडा पुढे करून म्हणाले, "बरं, तुझं तरी ठरलं का?"

"पाहुणे आलेच नाहीत अजून," मी नाक पुसत म्हटलं.

"आलं की," मावशी मागून म्हणाल्या. "हातकणंगल्याचं. मगाशी तूच बोललीस की त्यांच्यासंगं, तोंड बांधून."

मी पेढा तोंडात घातलेला होता. तो खाली जाईना की वर येईना.

आजींची गादी काही परत गेली नाही. थोरल्याने ती बाहेर व्हरांड्यात अंथरली आणि तिथेच मुक्काम ठोकला. आणि आजी सुधारल्या हो. कशा, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. घरी जाताना खुर्चीवरून गेल्या, जिना काही चढल्या नाहीत, पण मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझ्या नावावर रस्सा पितीस व्हय गं?" पांढरा शर्ट खाली जीप चालू करून थांबला होता. तो भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर होता, आणि पुढच्या सीटवर त्याची बायको आणि दोन पोरं बसली होती. मी दुसरीकडे बघितलं.

इकडे आईचा रोज फोन. "अगं, तुला रात्री बांधून ठेवत्यात म्हणं? गावभर झालंय." आता हेही स्थळ गेलं असं धरून मी मान खाली घालून ड्यूटी करत राहिले.

पण एके दिवशी ड्यूटी संपवून बाहेर पडले तर दारात एक चष्मेवाला उभा. "मी हातकणंगल्याचा. मामी तुमच्याबद्दल जे सांगत होत्या, ते ऐकून मला शंका आली. एवढं सगळं झालेलं माणूस ड्यूटीवर कसं येईल?"

घाईघाईत माझं सगळं शुद्ध बोलणं गळून पडलं. "ते मी न्हाय ओ. मला काय बी झालं न्हाय. मी सगळं खातो."

तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. त्याच महिन्यात सुपारी फुटली.

सगळं गोड झालं असं वाटलं ना तुम्हाला? आमच्याकडे कधी आलात तर मामींशेजारी बसू नका. माझा आवाज जरा चढला की मामी नव्या पाहुण्याकडे वळतात आणि शांतपणे सांगतात, "आमी बघायला गेलतो तवाच हिनं स्वताच्या तोंडानं सांगितलं हुतं, आतनं बिघडलीया, वरडती, मारायला उठती, बांधून ठेवाय लागतंय. पोरीनं एक शबूद लपवला न्हाय. आमचं पोरगंच म्हणालं, चूक झालीया ऐकण्यात. आता तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?"