ग्रहणाला वाटलेल्या निगेटिव्ह

ग्रहणाची बातमी लागली की माझं डोकं अजून फिरतं. वडील गेल्यावर सोनपेठच्या आमच्या फोटो स्टुडिओतल्या, आंबूस वास मारणाऱ्या त्यांच्या जुन्या निगेटिव्ह मी वर्षभर बसून पुसल्या आणि गावागावाची वेगळी पाकिटं करून त्यांत लावल्या. एका ग्रहणाला बाजारातून येते तर काका पायरीवर उभे राहून त्याच निगेटिव्ह वाटत होते, आणि अख्खी गल्ली त्या डोळ्यांना लावून सूर्य बघत होती! मी ओरडले, तर म्हणाले, "बघू दे की लोकायला! ह्या काळ्या पट्ट्या एरवी कोण बघायलंय?" ग्रहण सुटलं आणि निगेटिव्ह गटारात गेल्या. आता त्याच गल्लीतले लोक मेलेल्या आईबापाचा फोटो मागायला येतात. मी त्यांच्या हातावर रिकामं पाकीट ठेवते.