राग वेगळा, बीपी वेगळं

माझ्या मावशीला कामावर सगळे तोफ म्हणायचे. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर होती. गरम रोलरमध्ये ओली चादर सरळ घालायची आणि पलीकडून निघाली की डाग, सुरकुती बघायची. त्या भट्टीत पंखा एकच, तोही सुपरवायझरच्या टेबलाकडे तोंड करून. मावशी त्यावरून तोंड सोडायची. पाणी प्यायला कुणी सोडत नाही, त्यावरूनही सोडायची. तिचं म्हणणं बरोबर असायचं, म्हणूनच ती सगळ्यांना जड जायची.

मग एका तपासणीत तिचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. इतरांची मात्र चांगलीच सोय झाली. तिनं पंख्याचा विषय काढला की सुपरवायझर हात जोडायचा, "मावशी, बीपी! बीपी!" घरी काका घड्याळं दुरुस्त करत बसलेले असायचे. ती काही बोलायला गेली की मान वर न करता म्हणायचे, "चढलं का तुझं? राग सोड, बीपी आपोआप जाईल."

मला याची अजून चीड येते. आपण आजारालाही बीपी म्हणतो आणि संतापालाही बीपी म्हणतो. समोरच्याला गप्प करायला याहून स्वस्त औषध नाही.

मावशीनं काकांचं म्हणणं खरं मानलं. ओठ आवळून काम करू लागली. जेवणाच्या सुट्टीत धुलाईवाली म्हणायची, "तोफेची दारू भिजली वाटतं!" सगळे हसायचे, मावशी खाली बघून डबा संपवायची. काका तर शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "आमची ही किती निवळली!"

एक दिवस तिनं गोळी बंद केली. राग गेला, म्हणजे बीपी गेलं, मग गोळी कशाला? कुणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे पुन्हा तोंड उघडायचं.

काही महिन्यांनी एका सकाळी चादरीवर तिला करडा डाग दिसला. तिनं चादर परत धुवायला टाकली. पुढच्या चादरीवरही डाग. तीही टाकली. तिसरी गेली तेव्हा धुलाईवाली ओल्या हातांनी तरातरा आली.

"काय गं, तोंड बंद केलंस आणि आता चादरींनी मारतेस होय? दाखव कुठाय डाग!"

मावशीनं बोट ठेवलं. बाईनं चादर उजेडात धरली. "इथं? बाई गं, पांढरीशुभ्र आहे ही."

मावशीनं भिंतीकडे पाहिलं. डाग भिंतीवर गेला. सुपरवायझरच्या शर्टावर गेला. एक डोळा झाकला तेव्हा कळलं, डाग तिच्या उजव्या डोळ्यात होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे काका आणि मी सोबत गेलो. त्यांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं, मग रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. "पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिनीतून रक्त झिरपलंय. बीपीची गोळी चालू आहे ना?"

"बंद केली."

"का?"

"मी आता रागवतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून समजावलं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतो. तो आवळला की दाब चढतो, सैल पडला की उतरतो. मानेतल्या मोठ्या धमनीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. दाब चढला की त्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला सबुरीनं घ्यायला आणि वाहिन्यांना सैल व्हायला लावतो. मूत्रपिंडं जास्तीचं मीठपाणी बाहेर टाकतात. "म्हणून रागानं चढलेला दाब राग गेला की उतरतो. तुमचा शांत बसूनही उतरत नाही. हा आजार आहे. दाब फार दिवस वाढलेला राहिला की त्या नसा त्यालाच नेहमीचा समजतात आणि तक्रार करणं सोडतात."

"म्हणजे त्यांनाही कुणी गप्प बसवलं?" मावशी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज चढला होता.

"असंच राहिलं तर दोन्ही डोळे जातील. किंवा हेच मेंदूत होईल. आजच्या आज तुमच्या डॉक्टरांकडे जा."

"आणि हा डाग?"

"कमी होऊ शकतो. पूर्ण जाईल असं वचन देत नाही."

डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो आणि भर रस्त्यात मावशी काकांवर फुटली.

"राग सोड म्हणे! डोळा गेला असता माझा! तुम्हाला घरात शांतता हवी होती, माझ्या दाबाशी तुम्हाला काय देणंघेणं?"

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दोन्ही डोळे आहेत!"

काका घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला खरंच तसं वाटायचं गं."

"वाटायचं! घड्याळ बंद पडलं तर उघडून बघता ना? मला कधी विचारलंत, गोळी घेतलीस का?"

काका चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात शिरले, मागोमाग मावशी, बोलतच. दुकानदारानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बीपी कुणाला आहे?"

"मला," मावशी म्हणाली. "राग पण मलाच आलाय. गोळी फक्त बीपीची द्या."

तिनं तिथंच पाणी मागून गोळी घेतली, ग्लास खाली ठेवला आणि काकांकडे वळली. "हं, तर मी काय म्हणत होते..."