गोळ्यातलं तळं

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत, की त्यातलं घडलेलं किती आणि सांगता सांगता वाढलेलं किती, याची आता मला खात्री नाही. तळं शिरूर कासारच्या बाजूचं होतं, एवढं नक्की. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं की तिसरं, इथेच मी अडखळतो.

आमचं तिघांचं फोटो मंडळ होतं. शिरूरला स्टुडिओ चालवणारा भानुदास, जवळच्या गावातल्या सोसायटीचे चेअरमन आप्पा, आणि बीडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा मी. आप्पांना कॅमेरा धरता येत नसे. पण जीप त्यांची, म्हणून अध्यक्षही तेच. त्यांच्या खिशाला कायम हिरव्या शाईचं पेन. हिरव्या शाईत फक्त मोठे अधिकारी सही करतात, असं मी एकदा भीत भीत सुचवलं.

"मग बरोबरच हाय की," आप्पा म्हणाले.

*

मी पुण्याहून काचेचा भरीव गोळा आणला. त्यातून काढलेले फोटो कुठल्याशा मासिकात पाहिले होते. भानुदासने तो डोळ्यासमोर धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, फसवलं तुमाला. ह्ये सगळं उलटं दावतंय. परत करा."

प्रकाशाच्या वक्रीभवनावर माझी डॉक्टरेट. तरी मी गोळा हातात घेतला आणि, सांगायला लाज वाटते, खालची बाजू वर करून पुन्हा पाहिलं. तरीही उलटंच.

*

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घेताना मी गोळा बाजेवर ठेवला, आप्पांच्या घडी केलेल्या उपरण्यावर. ऊन कडक. प्रबंध लिहायला मला पाच वर्षं लागली होती. उपरण्यातून धूर निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गोळ्यातून ऊन एका बिंदूत एकवटतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगत होतो.

आप्पांनी भोकातून बोट घालून पाहिलं. "शिकवता तुमी, आन् जळतं आमचं."

*

त्या उन्हाळ्यात ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली, तेव्हा आप्पांच्या गावचं तळं पार आटलं होतं. बायका दोन कोसांवरच्या विहिरीवरून पाणी आणत. टँकरसाठी तीन अर्ज गेले होते, उत्तर एकाचंही नव्हतं.

तोडीहून आलेल्या पारूबाईचा फोटो काढायला आम्ही तळ्यावर गेलो. तिने डोक्यावरची घागर उतरवली, गोळा मागून घेतला आणि बराच वेळ त्यात पाहत राहिली.

"आभाळ खाली आलंय ह्यात," ती म्हणाली. "तळं भरल्यावानी दिसतंय."

आप्पांनीही तिच्याकडून गोळा घेऊन पाहिलं.

*

चौथ्या अर्जाला फोटो जोडावा, ही कल्पना माझी.

"कोरडं तळं बघायला कोण येतंय, सर?" आप्पा म्हणाले. "तालुक्यातली सगळीच तळी कोरडी हैत."

पण अडवलं नाही. भानुदासच्या लेन्समध्ये अख्खं तळं मावेना, गोळ्यात मावलं. त्याने इतक्या जवळून फोटो घेतला, की चौकटभर गोळाच. त्यामुळे अडचण झाली. फोटो सुलटा धरला तर वर आभाळ, खाली भेगाळलेली जमीन. उलटा धरला तर खाली निळंशार पाणी आणि वर मातकट ढग. म्हणून मागे पेन्सिलने बाण काढून 'वर' असं लिहायचं ठरलं.

मी बाण काढला. खोडला. फोटो फिरवून पुन्हा काढला. कोणता बरोबर, तेच मला कळेना. शेवटी भानुदासने पेन्सिल काढून घेतली.

"आता बरोबर हाय सर. कशाला हात लावताय?"

लिफाफा आप्पांनी स्वतः तहसील कचेरीत नेऊन दिला.

*

तीन अर्जांना न आलेले कचेरीतले साहेब चौथ्या दिवशी आप्पांच्या दारात. हातात अर्ज, त्यावर टाचलेला फोटो, आणि फोटोत काठोकाठ तळं.

"पाणी असताना टँकर मागता? गुन्हा आहे हा."

म्हणजे बाण चुकलाच होता! टँकर नाकारला गेला असता तर दोन कोसांची ती पायपीट माझ्यामुळे. आप्पा शांतपणे म्हणाले, "चला साहेब, तळं बघून घ्या."

तळ्याच्या मधोमध पारूबाईची शेळी उभी होती. काठावर रिकाम्या घागरींची रांग. मी साहेबांना बाणाचं, गोळ्याचं, वक्रीभवनाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही. ते एकदा फोटोकडे पाहत, एकदा शेळीकडे. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून टँकर मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावात आला.

मी मात्र पुढे कित्येक वर्षं भेटेल तेव्हा आप्पांची माफी मागत राहिलो. ते दर वेळी उदारपणे म्हणत, "जाऊ द्या सर. शिकलेल्या मानसाचा हात थरथरतोच."

*

आप्पा गेल्यावर काही वर्षांनी कचेरीतली जुनी कागदपत्रं काढून टाकायचं काम निघालं. तिथे माझा एक विद्यार्थी होता. त्याने तो अर्ज मला आणून दाखवला.

मी टाचणी काढून फोटो पालथा केला, सुलटा केला, पुन्हा पालथा केला. खिशातून गोळा काढून खिडकीबाहेरच्या झाडासमोर धरून ताळा घेतला. पेन्सिलचा माझा बाण बरोबर होता.

त्यावर हिरव्या शाईची फुली होती. शेजारी, हिरव्या शाईतच, उलट्या दिशेचा बाण.