आत्या, मामा आणि जावई

दादा गेल्यापासून बसायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा ठेवून जातो. घरात चपलांपेक्षा किस्से जास्त झालेत. मी दमलोय. तरी सांगतो.

खान्देश सोडून आलो त्या नवागामच्या आमच्या खोलीत दादाने जुने सुटे भाग जोडून तीन कॉम्प्युटर उभे केले. तिघांना नावं दिली, कामं वाटली. प्रिंटरवाली आत्या, तिच्यावर अर्ज टाइप व्हायचे आणि दिवसभर करकर. साडीची डिझाइनं काढायला मामा. आणि रंगीत स्क्रीनवाला जावई.

"जावयाला काम काय?" मी विचारलं.

"जावयाला कोणी काम सांगतं का रे!"

*

घरातला एकुलता टेबलफॅन जावयाकडे. एकदा माय घामाघूम होऊन आली, तिने फॅन स्वतःकडे वळवला. थोड्या वेळात जावई बंद!

"माय, पाव्हणा रुसला," दादा म्हणाला.

मायने मुकाट्याने फॅन परत फिरवला. वर पदरही सावरला!

*

मागावर काम करणारा एक लूमवाला रजेचा अर्ज टाइप करायला आला. दादा म्हणाला, "आत्या गरम झालीय, जरा थांबा." तो बिचारा हळूच म्हणाला, "राहू द्या, उद्या येतो. त्यांना त्रास नको."

*

मी सहावीत शाळा सोडलेली. "माझं काम काय?" विचारलं, तर दादा म्हणाला, "तू मेन स्विच."

एकदा तो मला रागावला. मी तडक उठून मेन स्विच पाडला. मामावर सकाळपासून काढत आणलेला मोर गेला! दादाने स्विच वर केला. मग नवा मोर काढायला घेतला.

"आधीचा जरा जाडच होता," म्हणाला.

*

कडोदऱ्याहून येताना हायवेवर अपघातात दादा गेला. तिसऱ्या दिवशी मी एका साडीवाल्या शेठला ओरडून सांगितलं, "तिन्ही घेऊन जा! डोळ्यांसमोर नकोत!"

सातव्या दिवशी टेम्पो आला. ड्रायव्हर आमच्याच खान्देशातला. त्याने दोन मशीन चढवली. थांबवावंसं वाटलं, पण मीच बोलावलं होतं, कोणत्या तोंडाने नको म्हणू? तिसऱ्याला हात लावला तशी माय दारात आडवी उभी राहिली.

"जावयाला न्या, मामाला न्या. पण ही आत्या आहे. भाच्याचं दहावं झाल्याशिवाय ती कशी निघेल?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. त्याने आत्याला जागेवर ठेवलं आणि टेम्पोत चढून विचारलं,

"मग मामा तरी कसा निघेल, माय? यातला मामा कोणता?"