तळहाताची माती

सन २०१५, माझं वय एकाहत्तर. नातीच्या शाळेत बाईंनी नववीला निबंध शिकवायला कुस्तीवरचा माहितीपट लावला. जुना पैलवान म्हणून मलाही बोलावलं.

पडद्यावरच्या पैलवानानं कुस्तीआधी तळहातांवर माती चोळली. बाईंनी तिथंच थांबवून विचारलं, "का चोळली असेल?"

"पकड बसावी म्हणून," पोरं म्हणाली.

"भ्यालाय तो," मी बोलून गेलो. "हाताला घाम सुटलाय. समोरच्याला कळू नये म्हणून माती."

"आबा, हेच लिहा की!" बाईंनी मलाही कागद दिला.

माझी शाळा दुसरीतच सुटलेली. सहीपलीकडं अक्षर काढून साठ वर्षं झाली होती.

"आबा, घाबरलात व्हय?" नात खिदळली.

"गप गं! उद्या देतो," म्हणालो आणि कोरा कागद घडी करून खिशात घातला. आखाड्यात पाठ टेकली तर माती झाडून उठता येतं. नातीपुढं टेकली तर कसं उठायचं? भीती माणसाचं वय बघत नाही, नुसता आखाडा बदलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो, तळहातांना माती चोळली आणि पेन धरलं. चार ओळी झाल्या. कागदावर लाल बोटं उमटली होती. तसाच नेऊन बाईंच्या हातात दिला.