कलम सात

समोरच्या काकांनी तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. अजूनही जिन्यात भेटले की तास सुरू. "तीनशे वर्षांपूर्वी युरोपातले विचारवंत काय म्हणाले? सत्ता हा करार आहे. सरकारनं तो मोडला, की सरकार बदलायचा हक्क लोकांचा. आलं लक्षात?" 'आलं लक्षात'ला उजवी भुवई अर्धा इंच वर. मी आरशासमोर करून पाहिलंय, जमतं.

बिल्डिंगचे अध्यक्षही अकरा वर्षं काकाच. नियमावलीत कलम सात त्यांनीच घातलं: दहा घरांनी सह्या केल्या की अध्यक्ष गेला. अकरा वर्षांत सही एक नाही! काकांना ते फार लागलं. डोळे मिटायच्या आत एकदा तरी हे कलम चालताना बघायचं होतं. लोक उठत नाहीत ना? मग आपणच जुलूम करू.

त्यांनी रोज दुपारभर लिफ्टला कुलूप ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "बरं झालं बाई, गुडघे मोकळे होतात." मग गच्ची बंद. तळमजल्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "सर करतायत म्हणजे विचार करूनच ना!"

शेवटी काकांनी स्वतःच अर्ज लिहिला, 'अध्यक्ष जुलमी आहेत', आणि दारोदार निघाले. "पार्किंगचं का? द्या," म्हणत मेकॅनिकनं सही ठोकली. माझ्या बाबांनी तोंडातला ब्रश न काढता केली. नऊ झाल्या. वाचला एकानंही नाही.

दहावी काकूंची, कारण घर त्यांच्या नावावर. आमच्या दारातून मी बघतच होतो. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला.

"लिफ्ट मुद्दाम बंद केलीत?"

"अगं, लोकांनी उठाव करावा म्हणून."

"आणि मी महिनाभर भाजीच्या पिशव्या घेऊन चार मजले चढतेय, ते?"

सही अशी केली की कागद फाटला. काका नाचायचेच बाकी होते. "झाला! उठाव झाला!"

संध्याकाळी सभा. नवा अध्यक्ष कोण? सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. मेकॅनिक म्हणाला, "सरच राहू देत की." तेवढ्यात काकू उठल्या. "मी होते." सुटकेच्या टाळ्या पडल्या.

"लिफ्टची किल्ली," काकूंनी हात पुढे केला.

काकांनी थाटात दिली. "सत्तांतर कसं, शांततेत व्हावं. आलं लक्षात?"

"आलं. दुसरी?"

"दुसरी कुठली?"

काकूंचा हात तसाच. उजवी भुवई अर्धा इंच वर.

काकांनी चष्म्याचं घर उघडलं आणि आतलं अस्तर हळूच उचकटायला घेतलं.